बरणीला शरीर विचारू नये

पहिल्या दिवशी सरांनी मला चहा पाजला, बसायची जागा दाखवली आणि एक नियम सांगितला.

"बरणीला शरीर विचारायचं नाही."

मला वाटलं, गंमत करताहेत. "म्हणजे?"

"म्हणजे कुठला अवयव कुणाचा, हे शोधत बसायचं नाही. हृदय ते हृदय, मूत्रपिंड ते मूत्रपिंड. बस्स."

"पण का?"

"आणि 'का' हेही विचारायचं नाही," सर हसून म्हणाले. "आपल्याकडची पद्धत आहे ती."

पद्धत! मोठ्या माणसांना उत्तर द्यायचं नसलं की ती हा शब्द पुढे करतात. आमच्या घरात तर या एका शब्दावर माझं अख्खं लहानपण गेलं. एरवी मी तिथल्या तिथे भांडले असते. पण त्या दिवशी निमूटपणे मान डोलावली, कारण मला ती नोकरी हवी होती. ती कशासाठी हवी होती, हे सरांना ठाऊक नव्हतं.

काम तसं साधं होतं. सर वैद्यकीय कॉलेजच्या शरीररचना विभागाचे प्रमुख, आणि त्या विभागाचं एक म्युझियम होतं. तळमजल्यावर एकापाठोपाठ एक दालनं, आणि प्रत्येकात छतापर्यंत कपाटं. उजेडाने अवयवांचे रंग उडतात म्हणून खिडक्यांना जाड काळे पडदे. बाहेर रणरणतं ऊन असो, आत शिरलं की संध्याकाळच. हाडं एका दालनात, स्नायू दुसऱ्यात, रक्तवाहिन्या तिसऱ्यात. कुणाला खांदा शिकायचा असेल तर तो बिचारा या दालनातून त्या दालनात फिरत बसायचा, आणि तीच माहिती प्रत्येक पाटीवर वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेली. एका पाटीवर तर यकृत डावीकडे होतं.

या सगळ्याचा मला डेटाबेस करायचा होता. एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहायची, पण कुठूनही तिच्यापर्यंत पोचता आलं पाहिजे. म्हणून मी अवयवांचा एक तक्ता केला आणि 'जोड' नावाचा दुसरा. कुठलं हाड कुठल्या हाडाला भिडतं, कुठली धमनी कुठून निघून कुठे संपते, सगळं त्या दुसऱ्या तक्त्यात. 'खांदा' असं लिहिलं की खांद्याची हाडं, स्नायू, शिरा एकदम समोर. सरांना दाखवलं तेव्हा ते लहान मुलासारखे खूश झाले.

प्रत्येक बरणी उतरवून मोजावी लागायची. त्यासाठी माझ्या सोबतीला बरणीकाका होते. बरण्या भरणं, झाकणं मेणाने बंद करणं, पाणी बदलणं यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. जेवतानासुद्धा त्यांच्या हाताला बरण्यांतल्या फॉर्मॅलिनचा वास यायचा.

"कॉम्प्युटरबाई," ते मला म्हणायचे, "माझे लोक फार गुणी. भांडण नाही, रजा नाही, कुणी कुणाच्या खुर्चीवर डोळा ठेवत नाही."

"आणि तुमचे विनोदही ऐकून घेतात."

"तेच तर! उठून जाता येत नाही ना."

त्यांनीच मला पद्धत समजावली. मुलं जिथे शरीरं कापून शिकतात त्या डिसेक्शन हॉलमध्ये प्रत्येक शरीराच्या पायाला नंबरचा एक पत्र्याचा बिल्ला असतो. अवयव काढला की तोच नंबर त्यालाही बांधतात. पण बरणीत टाकण्याआधी काका तो दोरा कापत आणि बिल्ला फेकून देत.

"बरणीत पडलं की नातं सुटलं," ते म्हणाले. त्या वेळी ते हसत नव्हते.

आता मी तिथे का गेले होते ते सांगते.

माझ्या आईला एक थोरली बहीण होती. माझ्या जन्माच्या खूप आधीची गोष्ट. मावशी गायची. भांडी घासताना, केस विंचरताना, जिन्यावरून उतरताना, आणि तेही खणखणीत. मामा, म्हणजे या दोघींचा दादा, तिला सारखं एकच सांगायचा, "आवाज खाली." एका सकाळी दोघांचं कडाक्याचं वाजलं आणि मावशी घरातून निघून गेली, ती परत आलीच नाही. पुढे कुणीतरी सांगत आलं की एका मुलीला गाडीने उडवलंय आणि याच कॉलेजशेजारच्या इस्पितळात नेलंय. मामा बघून आला. म्हणाला, "ती नाही."

आईचा विश्वास बसला नाही. ती शाळेत होती तेव्हा. दप्तरासकट ती एकटी इथे आली. इस्पितळात कुणी दाद देईना, म्हणून शेवटी या कॉलेजच्या फाटकाशी रडत उभी राहिली. एका तरुण डॉक्टरने तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "बाळ, ती इथे नाही." एका माणसाने तिला पाणी दिलं आणि तोही तेच म्हणाला.

तेव्हापासून आईने घराचं दार कधी नीट लावलं नाही. आता ती अंथरुणाला खिळली होती. फार दिवस नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. पण गार वाऱ्याने कुडकुडतानासुद्धा ती शेजारच्या काकूंना दार लोटू देत नव्हती. "ताईला वाटेल, आम्ही झोपलो." आणि माझा हात धरून रोज तेच, "मला ताईला एकदा घरी आणून दे गं. मग मी सुटले."

मामा पायथ्याशी बसून म्हणायचा, "भ्रम झालाय तिला. तू लक्ष नको देऊस, पोरी."

मी मात्र लक्ष दिलं होतं.

मावशीची ओळख पटवणाऱ्या दोन गोष्टी मला पाठ होत्या. एक म्हणजे करंगळी. आमच्या घरातल्या बायकांची करंगळी आत वळलेली असते. आईची आहे, माझी आहे, मावशीची होती. दुसरी म्हणजे तिच्या उजव्या मनगटावरचा इस्त्रीचा डाग. लहानपणी आईच्याच हातून चटका बसला होता. डाग होडीच्या आकाराचा.

स्नायूंच्या दालनात सगळ्यात खालच्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली एक बरणी होती. कोपरापासून खालचा उजवा हात. बोटांकडे जाणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या दिसाव्यात म्हणून कातडी सोलून बाजूला केलेली, पण मनगटाशी तशीच ठेवलेली. मी मोजायची पट्टी घेऊन खाली वाकले आणि तशीच बसून राहिले.

पिवळट पाण्यात होडी तरंगत होती. आणि करंगळी आत वळलेली.

मी माझा हात काचेला लावला. आतला आणि बाहेरचा, दोन्ही हात अगदी सारखे होते. मला रडू आलं नाही. मला आला तो राग.

त्याच दुपारी मी नियम मोडला. अवयवांच्या तक्त्यात एक रकाना वाढवला, 'शरीर'. त्या हाताच्या नोंदीपुढे लिहिलं, 'मावशी'.

बाकीची ती कुठे होती? बिल्ले काकांनी फेकले होते. पण 'जोड'च्या तक्त्यासाठी मी प्रत्येक अवयवाची कापलेली कड मोजत आले होते. हाडाची जाडी, धमनीचं तोंड, सुरीचा तिरकेपणा. नंबर फेकता येतो, काप कसा फेकणार? जिथे एक बरणी संपते, तिथून दुसरी सुरू होते. मी डेटाबेसला एवढंच विचारलं, या कोपराला कुठली कड बसते?

तो शोधत होता. बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत होते, वरच्या मजल्यावर कुणाचा तरी तास चालू होता. पलीकडच्या दालनातून आवाज आला.

टक्.

काचेवर नखाने मारल्यासारखा.

लॅपटॉपच्या पडद्यावर उत्तर उमटलं. दंड, रक्तवाहिन्यांच्या दालनात, दारालगतची फळी. मी उठून गेले. सगळ्या बरण्या ओळीत होत्या, एक मात्र पुढे आली होती, फळीच्या अगदी कडेला. तिच्या मागे धुळीत गोल जागा कोरी दिसत होती. काकांनी हलवली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. काका त्या दिवशी आले नव्हते.

मग खांदा. मग मान, छाती, फुप्फुसं. प्रत्येक वेळी आधी टक्, आणि मगच उत्तर. फॉर्मॅलिनचा वास नाकात भिनलेला असतोच, पण त्यातून आता दुसराच वास यायला लागला… गरम इस्त्रीखाली कापड करपल्याचा.

तुम्ही म्हणाल, तिथूनच पळायचं होतं. पळून जाऊन आईला काय सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी हाताची बरणी बघितली. काल तळवा भिंतीकडे होता, आज दाराकडे. तिच्या सगळ्या बरण्या मी एका टेबलावर आणल्या. काही उंच, काही बुटक्या. काकांनी त्या वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या भरलेल्या. तरी सगळ्यांतलं पाणी एका रेषेत येऊन थांबलं, जणू आतून कुठून तरी त्या एकमेकींना जोडलेल्या होत्या.

तिच्या हृदयाचं वजन मी स्वतः लिहिलं होतं. ती नोंद उघडली तर आकडा जरा वाढलेला. पुन्हा उघडली, कमी झालेला. वाढला. कमी झाला. वाढला… मी नकळत हात छातीवर ठेवला. माझं हृदय त्यापेक्षा फार जोरात पळत होतं. ते आतलं मात्र शांत होतं. वाट बघण्याची सवय असल्यासारखं.

एकच गोष्ट मिळेना. स्वरयंत्र. गळ्याची वरची कड होती, खालची कड होती, मधलं काहीच नाही. कुठलीच बरणी जुळेना. त्याच्यासाठी केलेल्या कोऱ्या नोंदीच्या 'ठिकाण' या रकान्यात दोनच शब्द दिसत होते.

येत आहे.

त्या रकान्यात फळीच्या नंबराशिवाय काही लिहिताच येत नव्हतं. मीच तसं केलं होतं. मी ते शब्द पुसले. नोंद पुन्हा उघडली.

येत आहे.

मी तडक सरांच्या खोलीत गेले. दारावर टकटक केली नाही.

"स्नायूंच्या दालनातली खालची बरणी. उजवा हात. ती माझी मावशी आहे. मला ती घरी न्यायचीय, सगळीच्या सगळी, आणि आजच. माझी आई मरतेय."

सरांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मग ते फोनकडे वळले आणि आकडे न बघता दाबले.

"तुमची भाची इथे आहे," ते फोनमध्ये म्हणाले. "तिला सापडली."

सरांना मामाचा नंबर तोंडपाठ होता. इतकी वर्षं.

भर दुपारी मामा आला. बरणीकाकांनाही बोलावलं होतं. आम्ही म्युझियममध्ये त्या टेबलाभोवती उभे राहिलो. बरण्यांशेजारी माझा लॅपटॉप उघडाच होता, 'शरीर' हा रकाना सगळ्यांना दिसत होता. बरण्या एकत्र लावलेल्या बघून काका दारातच थबकले.

"अगं पोरी, काय केलंस हे…"

"काय केलं ते तुम्ही सांगा," मी म्हणाले. "मामा, तू आधी."

मामाने घाम पुसला. "मी ओळखलं होतं तिला. बघताक्षणीच. पण… घरातून पळून गेलेली मुलगी, रस्त्यात मेलेली. लोकांनी काय म्हटलं असतं? तुझ्या आईचं लग्न व्हायचं होतं."

"आई शाळेत होती!"

"पुढचा विचार करावा लागतो. तुम्हा मुलींना नाही कळणार ते."

"म्हणून तू सांगितलंस, ही आमची नाही."

त्याने बरण्यांकडे पाठ केली.

"बेवारस म्हणून ती आमच्याकडे आली," सर हळू आवाजात म्हणाले. "तुझी आई फाटकाशी आली तोवर काम सुरू झालं होतं. त्या लहान पोरीला मी काय दाखवणार होतो? म्हणालो, ती इथे नाही. नंतर चौकशी करून तुझ्या मामांना गाठलं. त्यांनीच विनवलं, की आता विषय नको."

"मी पाणी दिलं तिला," काका पुटपुटले. "मीही तेच म्हणालो."

"आणि गळा? स्वरयंत्र कुठे ठेवलंत?"

काकांनी सरांकडे पाहिलं. सरांनी चष्मा काढला.

"नव्हतं," ते म्हणाले. "गळा उघडला तेव्हा आत जागा होती… फक्त जागा. असं होत नाही. कुठल्याच पुस्तकात नाही."

"आधी मी तिच्या बरण्या एकत्रच ठेवल्या होत्या," काका म्हणाले. "मग इथे दिवसाढवळ्या कुणीतरी घसा खाकरायला लागलं. गाण्याआधी खाकरतात ना, तसं. एकदा खाकरायचं आणि थांबायचं. मुलं हसायची आधी. मग यायची बंद झाली. म्हणून सगळं पांगवलं. सगळ्यांचेच बिल्ले कापायला लागलो, म्हणजे कुणी विचारायला नको."

तर ही त्यांची पद्धत. एका मुलीला घरी पोचवण्यापेक्षा त्यांनी सगळ्या मेलेल्यांची नाती कापली होती.

"तो रकाना काढून टाक, मुली," सर म्हणाले. "सगळं विसरू आपण. बरण्या पुन्हा जागच्या जागी ठेवू."

"मी तिला घरी नेणार आहे."

"हे तुकडे?" मामा चिडला. "मरणाऱ्या बाईपुढे हे तुकडे मांडणार तू? काय सांगशील तिला?"

"तू सांगितलं नाहीस ते. ती इथेच होती, हे सांगेन. तू तिला सोडून आलास, हे सांगेन. आणि या दोघांनी माझ्या आईला, एका रडणाऱ्या पोरीला…"

"आवाज खाली!" मामा ओरडला.

करपल्याचा वास एकदम दाट झाला. टेबलावरच्या बरण्यांतलं पाणी थरथरलं, सगळ्यांतलं एकाच वेळी. आणि मागच्या दालनात, जिथे कुणीही नव्हतं, तिथे कुणीतरी हळूच घसा खाकरला.

सरांनी लॅपटॉपकडे हात नेला. मी तो दोन्ही हातांनी ओढून घेतला.

"नाही," मी म्हणाले. "नाही काढणार. काय करायचं ते करा."

सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ओठ हलले. जीभ हलली. आवाज आला नाही.

त्यांनी गळ्याला हात लावला. मामा काहीतरी ओरडत होता, मानेवरच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, पण म्युझियम तसंच शांत. काका भिंतीला टेकून खाली बसले. त्यांचं तोंड उघडं होतं, आणि त्यातून नुसती हवा येत होती, फुसफुस.

पडद्यावर स्वरयंत्राची नोंद भरली होती. तिच्याखाली आणखी एक आली. मग आणखी एक. एका शरीराला एकच स्वरयंत्र, हा नियम मी स्वतः घातला होता. दुसरं कुणी लिहायला गेलं तर डेटाबेसने नाकारायला हवं होतं. त्याने तिन्ही घेतली. तिघांपुढेही एकच शब्द होता, 'मावशी'.

माझा फोन वाजला. आईचा. उशाशी फोन असायचा तिच्या, पण तो उचलायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

"अगं, ऐकलंस का!" ती म्हणाली. मी शाळेत असताना तिचा आवाज असा होता. "बरं झालं दार उघडं ठेवलं. ताई आली."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"ऐक, गातेय बघ." मागे खरंच कुणीतरी गात होतं. "आवाज मात्र बदललाय गं तिचा. मध्येच अगदी दादासारखा येतो. मध्येच भलत्याच कुणा माणसासारखा… पण गाणं तेच. मी म्हटलं, ये, हात दे हातात. तर म्हणते, उजवा हात तुझ्या मुलीकडे राहिलाय. हो का गं?"

मामा माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला होता. त्याने हात जोडले, आणि मग बोटाने लॅपटॉपकडे दाखवलं. काढ. काढून टाक. मला कळत होतं. रकाना गेला की त्याचा आवाज परत येईल, आणि आईच्या खोलीतलं गाणं थांबेल. आई पुन्हा दाराकडे बघत पडून राहील.

फोनमध्ये आई हसत होती. लग्नाच्या फोटोतसुद्धा ती अशी हसलेली नाही.

मी मामाच्या डोळ्यांत बघून मान हलवली. नाही.

गाणं आता फोनमधून येत होतं आणि मागच्या दालनातूनही, आणि दालनातलं हळूहळू जवळ येत होतं. मी लॅपटॉप छातीशी धरून उभी राहिले. त्याच वेळी माझ्या उजव्या मनगटाला, बाहीच्या आत, चटका बसल्यासारखी आग व्हायला लागली.

बाही वर करून बघायचा धीर मला झाला नाही. अजूनही झालेला नाही.